हिवाळी गिर्यारोहणाचा अभ्यासक्रम निवडताना

वसतिगृहात असताना सह्याद्रीचे कडे चढलेले आमचे विद्यार्थी पुढे हिमालयाकडे वळतात आणि हिवाळी अभ्यासक्रम कोणता निवडावा, असे आम्हांस विचारतात. शिखराच्या नावाआधी शिकविणाऱ्याची पारख करावी, असे आमचे सांगणे असते.

आरंभ दार्जिलिंग (स्थापना १९५४) किंवा उत्तरकाशी (१९६५) येथील संस्थेच्या सुमारे चार आठवड्यांच्या प्राथमिक अभ्यासक्रमाने करावा. खडक, भुसभुशीत हिम आणि कठीण बर्फ यांवरील चढाईचे शिक्षण तेथे मिळते. हिवाळी चढाई त्यानंतरची.

खासगी आयोजकास चार प्रश्न अवश्य विचारावेत. एका प्रशिक्षकामागे किती जण असतात? ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून अधिक वाढत नाही ना? प्रत्येकाजवळ बीकन, शोधकाठी व फावडे असते का? आणि हवामान बिघडल्यास परतण्याचा निर्णय कोण घेतो? हिमाखाली गाडल्या गेलेल्याच्या जगण्याची आशा पहिल्या पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने मावळते. तेवढ्या वेळात बाहेरची मदत पोहोचत नाही. सोबत्यांनाच त्याला शोधावे लागते.

४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील ‘द्रौपदी का दांडा-२’ या शिखरावरील हिमस्खलनात पंचवीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य प्रशिक्षणार्थी होते, आणि प्रशिक्षकही. उत्तम शिक्षणानेही धोका संपत नाही, तो ओळखता येतो. म्हणून शिखराची हमी देणाऱ्यापेक्षा ‘आज परत फिरू’ असे निःसंकोच म्हणणाऱ्याच्या हाती आपला दोर द्यावा.