खरखरीतून विजेचा माग

एप्रिल-मेमध्ये सोलापूरकडे वळवाचे ढग जमू लागले, की मीडियम वेव्हवरचे गाणे मधूनच खरखरीत बुडते. वीज कोसळताना क्षणभर हजारो अँपिअरचा प्रवाह वाहतो आणि रेडिओलहरींचा झटका चहूकडे पसरतो. ऐकणाऱ्याला नकोशी असलेली ही खरखर ढगाचा ठावठिकाणा सांगते.

रेडिओलहरींवरून ठावठिकाणा काढण्याची विद्या समुद्रावर रुळली. जहाजावर वलयाकृती एरियल फिरवून किनाऱ्यावरच्या केंद्राचा आवाज कोणत्या दिशेला पार बसतो, ते पाहत. आवाज सर्वांत मोठा कुठे, हे कानाला नेमके कळत नाही. तो बुडतो कुठे, हे लगेच कळते. दोन केंद्रांच्या दिशारेषा नकाशावर छेदतात, तिथे जहाज. मात्र जहाजाचा लोखंडी सांगाडा लहरींना वाकवतो आणि रात्री आयनांबरातून परतलेल्या लहरी दिशा बिघडवतात.

विजेसाठी एवढी सवड नसते. तिचा झटका सेकंदाच्या हजाराव्या भागात संपतो. एरियल फिरवायचे कधी? 1920च्या दशकात इंग्लंडमध्ये रॉबर्ट वॉटसन-वॅट यांनी यावर सुंदर तोड काढली. दक्षिणोत्तर आणि पूर्व-पश्चिम अशी दोन वलये स्थिर ठेवून एकाचा संकेत ऑसिलोस्कोपच्या उभ्या पट्ट्यांना दिला, दुसऱ्याचा आडव्या. झटका येताच पडद्यावर तिरपी रेघ उमटे. तिचा कल म्हणजे विजेची दिशा. समोर की मागे, हे उभ्या तारेच्या एरियलवरून ठरे. याच वॉटसन-वॅट यांनी 1935 मध्ये ब्रिटिश रडारचा पाया घातला.

आता दिशेपेक्षा वेळेवर भर असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2014 मध्ये महाराष्ट्रात 20 संवेदकांचे जाळे उभारले. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात 300 मीटर जाते. एका केंद्राला झटका दुसऱ्यापेक्षा 100 मायक्रोसेकंद आधी मिळाला, तर वीज त्याला 30 किलोमीटरने जवळ. अशा सर्व बिंदूंचा अपास्त नावाचा वक्र होतो. इतर केंद्रजोड्यांचे अपास्त त्याला छेदतात तिथे वीज. घड्याळे जीपीएसने जुळवलेली असतात. एकटे केंद्र अशी जागा काढू शकत नाही.

याच संस्थेने 2018 आणि 2019 मध्ये ‘कायपीक्स’ प्रकल्पात सोलापूर परिसरातील ढगांवर कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. तेव्हा सी-बँड रडारही वापरले. रडार स्वतः लहरी सोडून थेंबांवरचा प्रतिध्वनी वाचते. विजेचे जाळे नुसते ऐकते. त्या ऐकण्यावर संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप चालते. मोकळ्या रानात काम करणाऱ्याला ते 20 आणि 40 किलोमीटरच्या त्रिज्येतील विजांची सूचना देते. गडगडाट सहसा पंधरा-वीस किलोमीटरपलीकडे ऐकू येत नाही.