दंडावरचे काटे, पाठीवरच्या पुळ्या

धुळे–सोलापूर महामार्गावरचं, वाशी तालुक्यातलं तेरखेडा फटाक्यांच्या कारखान्यांमुळे ‘मराठवाड्याची शिवकाशी’ म्हणून ओळखलं जातं. गंधक, सोरा, ॲल्युमिनियमची पावडर आणि वरून मराठवाड्याचं ऊन. अशा गावात कुणाच्या अंगावर पुरळ उठलं की दोष एक तर फटाक्याच्या दारूला, नाही तर ‘अंगातल्या उष्णतेला’ दिला जातो.

दारूचा त्रास होतो, पण त्याची खूण वेगळी असते. रसायन जिथे लागतं तिथेच, म्हणजे हात, मनगट, मान इथे कातडी लाल होते, आग होते, आणि काही दिवस काम बंद राहिलं की बहुधा उतरते. सदऱ्याखाली झाकलेल्या पाठीवर महिनोन्‌महिने पुळ्या येत असतील, तर कारण सहसा दुसरं असतं.

दंडाच्या बाहेरच्या बाजूला हात फिरवल्यावर बारीक काटे लागतात, कोंबडीच्या सोललेल्या कातडीसारखे. अनेकांना ती मळाची पुटं वाटतात, मग वजरीने घासणं सुरू होतं. तो मळ नव्हे. केसाच्या मुळाशी केराटिन या प्रथिनाचं बूच बसतं, त्याला ‘केराटोसिस पिलारिस’ म्हणतात. ते घराण्यात चालत येतं, वयात येणाऱ्या मुलामुलींत फार आढळतं, थंडीत कोरड्या हवेनं वाढतं आणि एकाचं दुसऱ्याला लागत नाही. घासल्यानं कातडी सोलते, डाग पडतात. त्यापेक्षा अंघोळीनंतर ओलसर अंगावर युरिया किंवा लॅक्टिक ॲसिड असलेलं मलम नेमानं लावलं तर खरखर कमी होते. मलम बंद केलं की काटे परत येतात. वयाबरोबर मात्र ते बऱ्याच जणांचे आपोआप ओसरतात.

पाठीचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं आहे, कारण तिथे तीन वेगळे त्रास सारखेच दिसतात. घामाच्या नळ्या तुंबल्या की घामोळं; त्याला गार हवा आणि सैल सुती कपडा पुरतो. तैलग्रंथी तुंबून सुजल्या की मुरूम. पाठीवर त्या भरपूर असतात आणि वयात येताना संप्रेरकांमुळे जास्त तेल सोडतात. म्हणून ‘रक्त बिघडलंय’ असं म्हणून पोरांना कडू काढे पाजण्यात अर्थ नाही. मुरमांवर बेंझॉइल पेरॉक्साइड चालतं, पण त्यानं कपड्यांचा रंग उडतो आणि फरक दिसायला सहा-आठ आठवडे लागतात. तिसरा प्रकार मॅलॅसेझिया या बुरशीचा: एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या पुटकुळ्या. इथे मुरमांच्या अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या तर त्रास वाढू शकतो. उपाय बुरशीविरोधी औषधाचा.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मेडिकलमधून मागून आणलेल्या ‘खाजेच्या ट्यूब’नं. त्यातल्या अनेकांमध्ये क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत लाली जाते, माणूस खूश होतो. पण खाली बुरशी असेल तर ती दबून पसरते. कातडी पातळ होते, आणि स्टेरॉइडमुळेच नव्या पुळ्या उठतात. देशभर हा प्रकार इतका वाढला की केंद्र सरकारनं 2018 मध्ये स्टेरॉइडची 14 मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. ट्यूबवर लाल रेघ आणि ‘आरएक्स’ छापलं असेल तर ती शेजाऱ्याच्या सांगण्यावरून लावायची वस्तू नाही.

गंधकाबद्दलही एक समज आहे, की ते कातडीला औषधच, त्यामुळे कारखान्यातलं अंगाला लागलं तर बरंच. मुरूम आणि खरजेच्या मलमात गंधक असतं हे खरं, पण शुद्ध केलेलं आणि मोजून घातलेलं. कारखान्यातल्या गंधकानं कातडी चुरचुरते, आणि तिथे ते दुसऱ्या रसायनांत मिसळलेलंही असतं. काम संपल्यावर साबण-पाण्यानं अंघोळ करावी आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत, एवढं मात्र रोज व्हायला हवं.

रात्री खाज वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत पुटकुळ्या असतील आणि घरात आणखी कुणाला तोच त्रास असेल, तर ती खरूज असण्याची शक्यता मोठी. तेव्हा एकट्यानं औषध लावून चालत नाही. डॉक्टरांना दाखवून घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्यावे लागतात, खाज नसली तरी.