कोपर टेकायची जागा

पहाटे सव्वासहाला सडा अजून निथळत असतो. रात्रभराची झिमझिम नुकती थांबलेली, वारा पडलेला, आणि काळपट कातळावर जिथे जिथे बोटभर माती साठली आहे तिथे तिथे निळसर जांभळे ठिपके. ही सीतेची आसवं. उभ्यानं पाहिलं तर नुसता रंग दिसतो. फूल बघायचं तर पोटावर झोपावं लागतं, आणि झोपायच्या आधी ठरवावं लागतं की कोपर कुठे टेकायचं.

रत्नागिरी तालुक्यातला हा सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं पठार, माझ्या आजोळच्या डोक्यावर आहे. गेली अकरा वर्षं मी भाद्रपदात इथे फुलांचे आणि किड्यांचे फोटो काढायला येते. सुरुवातीला मॅक्रो लेन्स परवडत नव्हती. जुनी 50 मिमीची लेन्स एका कडीनं कॅमेऱ्यावर उलटी बसवायची आणि लहान वस्तू मोठी करून बघायची, एवढंच जमत होतं. आता 100 मिमीची मॅक्रो लेन्स आहे, पण शिकले ते त्या उलट्या लेन्सवरच.

मॅक्रोत ‘एकास एक’ हा शब्द सारखा येतो. फूल एक सेंटिमीटरचं असेल, तर सेन्सरवर त्याची प्रतिमाही एक सेंटिमीटरचीच पडते. त्यासाठी लेन्सचं तोंड फुलापासून वीतभराहूनही जवळ न्यावं लागतं. इतक्या जवळ गेल्यावर फोकसमध्ये राहणारा थर फार पातळ होतो. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/11 वर असलं तरी तो जेमतेम सव्वा मिलिमीटर असतो. सीतेच्या आसवाच्या गळ्याशी पांढरट ठिपका आहे. तो स्पष्ट आला की खालच्या पाकळीची कड विरघळते. कड धरावी तर मागे वळलेली निमुळती नळी जाते. ॲपर्चर एफ/22 पर्यंत बारीक केलं तर थर वाढतो, पण त्या बारीक छिद्रातून येताना प्रकाश पसरतो आणि सगळंच चित्र थोडं मऊ पडतं. म्हणजे फुलातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे दर वेळी आपणच ठरवायचं.

शिवाय इथे फोकस बोटांनी करायचा नसतो. लेन्सची कडी एकदा एकास एकवर लावून ठेवायची आणि अंगच केसभर पुढे, केसभर मागे करायचं. श्वास सोडून झाला की पुढचा घेण्याआधी एक क्षण शरीर स्थिर असतं. त्या क्षणात बटण दाबायचं. हे सगळं डोलणं कोपरांवर चालतं. कोपर पक्कं नसेल तर हजारोंची लेन्स असूनही उपयोग नाही.

पहिल्या वर्षी मी ते जिथे पडलं तिथे टेकलं. घरी येऊन फोटो मोठे करून पाहत होते. एका फोटोत फूल नेमकं आलं होतं, गळ्यावरचे बारीक केससुद्धा मोजता येत होते. पण मागच्या धूसर भागात काहीतरी लालसर, चपटं दिसत होतं. आधीच्या फोटोत शोधलं तेव्हा उलगडा झाला. ती गवती दवबिंदूची रोपं होती. दहा मिनिटांपूर्वी तिथे माझं डावं कोपर होतं. त्या फोटोचं कौतुक पुष्कळ झालं, पण मी तो आजवर भिंतीवर लावलेला नाही.

दवबिंदू ही कीटक खाणारी वनस्पती. पानं गवतासारखी अरुंद, त्यांवर लाल टोकांचे तंतू आणि प्रत्येक टोकावर चिकट थेंब. चिलट त्यावर बसलं की अडकतं. तंतू हळूहळू त्याच्याकडे झुकतात आणि रोप त्याला पचवतं. चार्ल्स डार्विननं दवबिंदूच्या कुळावर अनेक वर्षं प्रयोग केले आणि 1875 मध्ये कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं. सीतेची आसवंही शिकारीच, पण त्यांचा सापळा दिसत नाही. या रोपाला खरी मुळं नसतात. ओल्या मातीत पसरलेल्या धाग्यांवर टाचणीच्या डोक्याहून लहान पिशव्या असतात. एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी लागला की झडप उघडते आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात तो पाण्यासकट आत ओढला जातो. कातळावरच्या मातीत नत्र फार थोडं असतं. त्याची भरपाई ही दोघं अशी करतात.

दोन्ही वर्षायू आहेत, आणि माझ्या कोपराशी याचा थेट संबंध आहे. पावसाळ्यात उगवायचं, फुलायचं, पाऊस संपता संपता बी टाकायचं आणि वाळून जायचं. बी धरण्याआधी चिरडलेलं रोप पुढच्या वर्षासाठी त्या वाफ्यात काहीच ठेवून जात नाही. बोटभर मातीखाली सगळा जांभा. दबलेली माती पुन्हा भुसभुशीत करायला तिथे गांडुळंही फारशी नसतात.

म्हणून आता सड्यावर आले की पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतच राहतो. आधी कातळ बघायचा. फुलांच्या दोन वाफ्यांमध्ये उघडा दगड कुठे आहे, त्यावर माझं अंग मावेल का, तिथून वीतभरावर कुठली फुलं येतात? फूल कितीही सुंदर असो, शेजारी कातळ नसेल तर ते सोडून द्यायचं. जुन्या जीन्सचा पाय कापून शिवलेली, भाताचं तूस भरलेली उशी लेन्सखाली ठेवते. सड्यावर ढगाळ आभाळासारखा दुसरा प्रकाश नाही. फ्लॅश वापरला की दवबिंदूच्या प्रत्येक थेंबात पांढरा चौकोन उमटतो. ढगांच्या उजेडात त्याच थेंबांत उलटं, चिमुकलं आभाळ दिसतं.

गेंदाची गोष्ट वेगळी. लांबून पांढऱ्या मण्यासारखं दिसणारं ते एक फूल नसतंच, फुलांचा झुबका असतो. लेन्समधून त्या मण्यात इवली इवली फुलं वेगळी होतात, काळसर परागकोश दिसू लागतात. नुसत्या फोटोवरून गेंदाची जात सांगणं मात्र कठीण. त्यासाठी फुलाचे भाग सुटे करून, बियांवरची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. मी त्या फोटोंवर नुसतं ‘गेंद’ लिहिते.

या वर्षी मात्र मी फुलांसाठी थांबलेच नाही. कातळाच्या कडेला गवताच्या एका वाळक्या काडीवर पाच माश्या ओळीनं लटकलेल्या दिसल्या. निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्या, म्हणजे ब्लू बँडेड बी. यांच्या माद्या जमिनीत बीळ करून राहतात. नरांना घर नसतं. संध्याकाळी ते एखाद्या काडीला जबड्यांनी घट्ट चावतात आणि तसेच झोपतात. पाचही जणांच्या अंगावर दव होतं, डोळ्यांवरसुद्धा. मी कातळावरून सरकत वीतभरावर गेले तरी एकही हलला नाही.

असा झोपेतला किडा म्हणजे मॅक्रोवाल्याचं भाग्य. किडा हलू नये म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवणारे आहेत, फवाऱ्यानं खोटं दव शिंपडणारे आहेत, फ्रेममध्ये येणारं गवत कात्रीनं छाटणारेही आहेत. मला ते पटत नाही. आडवी आलेली काडी फार तर दुसऱ्या काडीमागे अडकवून ठेवावी आणि जाताना सोडावी. पहाटे उठलं की गारवा फुकट मिळतो.

सूर्य ढगाआडून जरासा आला तेव्हा सर्वांत वरच्या माशीचं पोट आत-बाहेर होऊ लागलं. मग छाती थरथरली. पंख न हलवता उडायचे स्नायू तापवायची ही तिची रीत. डोळ्यावरचा थेंब घरंगळला. जबडे सुटले, आणि मी बटण दाबेपर्यंत काडी रिकामी होऊन डोलत होती. उरलेल्या चौघांचे सव्वीस फोटो मिळाले. फोकस दर वेळी केसभर पुढे नेत घेतलेले. ते संगणकावर एकत्र जोडले की डोक्यापासून पट्ट्यांपर्यंत सगळी माशी स्पष्ट होईल.

“काय हरवलंय काय, ताई?” मागून आवाज आला. म्हशी घेऊन चढलेले काका होते. मी स्क्रीनवर माशी दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग काडीकडे पाहिलं, मग म्हशींना हाकारत पलीकडच्या वाटेनं वळवलं.

सरकारी कागदांत असे सडे बहुतेकदा पडीक जमीन म्हणून असतात. पलीकडच्या अंगाला चिरेखाण आहे. कटरचा आवाज नऊला सुरू होतो, आणि गेल्या वर्षी जिथे मी गेंद टिपले होते तिथे आता चौकोनी खड्डा आणि पाणी आहे. तिथे कोपर जपून काय होणार, असं कधी कधी मनात येतं. तरीही टेकायच्या आधी मी बघतेच.

साडेआठला पुन्हा भुरभुर सुरू झाली. कॅमेरा गुंडाळून उठले. मागे वळून पाहिलं तर ओल्या कातळावर माझ्या अंगाएवढा कोरडा ठसा होता, दोन कोपरांच्या दोन खुणांसकट. त्याच्या कडेला निळी फुलं उभी होती. थेंब पडत गेले तसा ठसाही काळा होत गेला.