समजून घ्या : जास्त कार्बन कोणाचा? जहाजाचा की रस्त्यावरच्या टँकरचा?

जयसिंगपूरच्या पंपावरील डिझेलमागे दोन टँकर असतात. एक समुद्रातून कच्चे तेल आणणारे जहाज, दुसरा पंपापर्यंत येणारा ट्रक.

हिशेब कसा करतात?
एक टन माल एक किलोमीटर नेताना किती कार्बन डायऑक्साइड निघतो, हे पाहतात. 20 टनांचा ट्रक लिटरला 4 किमी धावतो असे धरू. एक लिटर डिझेलमधून सुमारे 2.68 किलो वायू निघतो. म्हणजे टनामागे दर किलोमीटरला 33 ग्रॅम. रिकामी परतफेरी धरून साधारण 55. मोठ्या तेलवाहू जहाजांचा आकडा आकारानुसार 3 ते 6 ग्रॅम.

हा फरक इंजिनाचा?
थोडाच. जहाजाचे संथ इंजिन इंधनातील सुमारे निम्मी ऊर्जा वापरते. ट्रकचे 40 ते 45 टक्के. खरा फायदा आकाराचा आणि वेगाचा. वेग 10 टक्के घटवला, की त्याच अंतराला जहाजाचे जवळपास 19 टक्के इंधन वाचते.

नियमात मेख कुठे?
2023 पासूनच्या कामगिरीवर जहाजांना ‘ए’ ते ‘ई’ श्रेणी मिळते. पण भागाकार प्रत्यक्ष मालाने नव्हे, क्षमतेने होतो. त्यामुळे रिकामे जहाजही कागदावर चांगले दिसते.

आपल्यासाठी अर्थ काय?
आखात ते मुंबई 3,000 किमी धरले, तर टनामागे 9 ते 18 किलो. मुंबई ते जयसिंगपूर सुमारे 375 किमी ट्रकनेच आणले, तर 20 किलो! म्हणूनच पाइपलाइन किंवा रेल्वेने इंधन जवळच्या डेपोपर्यंत आणणे महत्त्वाचे.