मुखपृष्ठावरचा काळा माणूस

आशय आत आणि सजावट बाहेर, अशी पुस्तकाची वाटणी करण्याची आपल्याला सवय आहे. ही वाटणी तपासून पाहिली पाहिजे.

छपाईच्या आरंभीच्या शतकांत युरोपात पुस्तके बहुधा सुट्या फर्म्यांत किंवा साध्या बांधणीत विकली जात. चामड्याची बांधणी गिऱ्हाईक ऐपतीप्रमाणे करवून घेई. पुस्तकाचे बाह्यरूप मालकाची श्रीमंती सांगे. १८२० नंतर इंग्लंडात प्रकाशकच कापडी बांधणी करू लागले. पुढे कापड मळू नये म्हणून कागदी वेष्टन आले आणि विसाव्या शतकात तेच विक्रीचे साधन झाले. साहजिकच गिऱ्हाइकाच्या आवडीबरोबर त्याचे पूर्वग्रहही त्या कागदावर उतरले.

अमेरिकेत गाण्यांच्या पुस्तिकांवर, जाहिरातींत काळा माणूस सर्रास जाड ओठांचा, डोळे वटारलेला विदूषक म्हणून छापला जाई. काळ्या लेखकाचे पुस्तक हाती घेणाऱ्याच्या नजरेत हे चित्र आधीच भरलेले असे.

ह्या चित्राला ॲरन डग्लसने (१८९९–१९७९) उत्तर दिले. कॅन्ससमध्ये जन्मलेला हा चित्रकलेचा शिक्षक १९२५ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आला. १९२६ साली तरुण काळ्या लेखकांनी 'फायर!!' हे नियतकालिक काढले. ते एका अंकातच बंद पडले. पण त्याचे तांबडे-काळे मुखपृष्ठ डग्लसने केले होते. क्लॉड मॅके यांच्या 'होम टू हार्लेम' (१९२८) ह्या कादंबरीचे वेष्टनही त्याचेच. प्राचीन इजिप्तच्या चित्रांतली एका बाजूने दिसणारी आकृती आणि आफ्रिकी मुखवट्यांचे चिरेसारखे डोळे त्याने घेतले. असे सपाट आकार एक-दोन रंगांत स्वस्तात छापता येतात. त्याहून मोलाचे हे, की ज्या रंगावरून हिणवले जाई, तोच त्याने रचनेचा आधार केला.

१९७२ साली मुंबईत दलित पँथरने ब्लॅक पँथरवरून नाव घेतले. म्हणून हा इतिहास आपल्याला परका नाही. आत विद्रोह आणि मुखपृष्ठावर हात पसरलेला माणूस, असे पुस्तक निघाले तर वाचक आधी दया शिकतो आणि मग मजकुराकडे वळतो. म्हणून मुखपृष्ठाचा निर्णय लेखकाने प्रकाशकावर सोडू नये. ग्रंथालयांत पुष्कळदा वेष्टने काढून टाकली जातात. आपल्या शिक्षकांनी, कार्यकर्त्यांनी ती जपावीत आणि चित्रकाराचे नावही नोंदवून ठेवावे. आपले चित्र कोणी आणि कसे काढले, हा आपल्या चळवळीच्या इतिहासाचाच भाग आहे.