खंदक ओलांडून कोलकात्यात

नागपूरहून मोटारीने कोलकाता गाठायचे म्हणजे सुमारे अकराशे किलोमीटरची मजल. भंडारा, राजनांदगाव, रायपूर, संबळपूर, केओंझर, खडगपूर अशी गावे मागे टाकत रस्ता पूर्वेला सरकत राहतो. धुळे, जळगाव, अकोला, अमरावतीकरांच्या ओळखीचा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ तो हाच. २०१० साली महामार्गांना नवे क्रमांक मिळाले आणि त्याचे तुकडे झाले. आता पाट्यांवर ५३, ४९ आणि १६ असे आकडे दिसतात. वाट मात्र तीच.

रायपूर, संबळपूरला बाहेरून वळसा घालता येतो. कोलकात्याला तशी सोय नाही, कारण पश्चिमेकडून येणाऱ्याला हुगळी नदी आडवी येते. अलीकडे हावडा, पलीकडे कोलकाता आणि मधे मोजके पूल. त्यामुळे शहरात नेमके कुठून आणि किती वाजता शिरायचे हे आधीच ठरवलेले बरे. मराठी प्रवाशाच्या बाबतीत तर या प्रवेशाला पावणेतीनशे वर्षांची पूर्वपीठिकाही आहे.

शेवटचा टप्पा

ओडिशातल्या जशीपूरच्या पुढे सिमलीपालच्या जंगलाची कड धरून रस्ता बांगरीपोसीच्या घाटात उतरतो. घाटात द्वारसुनी देवीचे देऊळ आहे. ट्रकचालक तिथे गाडी थांबवून हात जोडतात आणि मगच पुढे जातात. घाट संपला की सपाटी सुरू होते. बहरागोडा इथे झारखंडचा चिंचोळा पट्टा ओलांडून आपण बंगालमध्ये येतो. खडगपूरला चेन्नईकडून येणारा महामार्ग मिळतो आणि वाहनांची गर्दी एकदम वाढते. देशातली पहिली आयआयटी १९५१ मध्ये याच गावात, हिजलीच्या जुन्या बंदिवासाच्या इमारतीत सुरू झाली.

खडगपूर ते कोलकाता हे अंतर सव्वाशे-दीडशे किलोमीटरचे. वाटेत रूपनारायण नदीवर कोलाघाट लागते. इथले औष्णिक वीजकेंद्र दुरूनच दिसते आणि पावसाळ्यात इथल्या हिल्सा माशाची चर्चा कोलकात्यापर्यंत चालते. मुक्काम करायचा तर कोलाघाटच्या आसपास करावा, म्हणजे सकाळी ताज्या डोक्याने शहरात शिरता येते. नदी ओलांडल्यावर देउलटीजवळच्या सामताबेड गावात शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांचे घर जतन केलेले आहे. मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे शरदबाबू महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचले. त्या वाचकांच्या पुढच्या पिढ्यांनी अर्धा तास काढून इथे डोकावायला हरकत नाही.

पुढे उलुबेडिया, मग धुलागडचा टोलनाका. तिथून थोड्याच अंतरावर महामार्ग सोडून कोना एक्सप्रेसवेला लागायचे. नावात एक्सप्रेस असले तरी सांत्रागाछीच्या रेल्वेपुलापाशी वेग संपतो. बस, टोटो (ई-रिक्षा), हातगाड्या, रेल्वे स्थानकाकडे धावणारी माणसे आणि आपण, सगळे एकाच रांगेत. अवजड ट्रकना शहरात दिवसा मज्जाव असल्याने रात्री त्यांच्या रांगा लागतात. म्हणून मध्यरात्रीचा 'मोकळा रस्ता' इथे मिळेलच असे नाही. त्यापेक्षा सकाळी आठच्या आत हा टापू पार करणे शहाणपणाचे. हिवाळा असेल तर शेजारच्या तलावावर स्थलांतरित बदकांचे थवेही दिसतात.

दोन पूल, एकच लांबी

मंदिरतला भागात 'नबान्न' ही राज्य सचिवालयाची उंच इमारत दिसली की विद्यासागर सेतू जवळ आला असे समजावे. सचिवालय नदीच्या या काठावर आले ते २०१३ मध्ये. सेतूची पायाभरणी इंदिरा गांधींच्या हस्ते १९७२ साली झाली आणि तो खुला झाला १९९२ मध्ये. वीस वर्षे लागलेला हा पूल ८२३ मीटर लांब आहे आणि १२१ पोलादी केबलींनी तोलून धरलेला आहे. टोल भरून पुलावर चढले की डावीकडे, उत्तरेला, नदीच्या वरच्या अंगाला हावडा पूल दिसतो. दोन्ही पुलांच्या मुख्य गाळ्याची लांबी जवळजवळ सारखीच, ४५७ मीटर. बांधणीत मात्र पन्नास वर्षांचे अंतर आहे.

हावडा पूल १९४३ चा. दुसरे महायुद्ध चालू होते, जपानी बॉम्बहल्ल्याची धास्ती होती, त्यामुळे उद्घाटनाचा गाजावाजा झाला नाही. सुमारे साडेसव्वीस हजार टन पोलाद त्यात आहे आणि त्यातले बहुतेक जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्यातले. सारे पोलाद रिव्हेटांनी जोडलेले, नट-बोल्ट नाहीत. १९६५ मध्ये त्याचे नाव रवींद्र सेतू झाले, पण लोक त्याला हावडा ब्रिजच म्हणतात. नवख्या चालकाने पहिल्याच दिवशी त्यावर गाडी घालू नये. पलीकडे बडाबाजारच्या गल्ल्यांत मालाने लादलेले हमाल, हातगाड्या आणि बस यांच्यामधून वाट काढणे हे स्थानिकांचेच काम.

दिल्लीकडून येणाऱ्यांची वाट वेगळी. ते शक्तिगडला लांगचा ही मिठाई खाऊन डानकुनीमार्गे येतात आणि दक्षिणेश्वरजवळ २००७ मध्ये झालेल्या निवेदिता सेतूवरून नदी ओलांडतात. महाराष्ट्रातून येणाऱ्याला विद्यासागर सेतूच सोयीचा.

ज्या खंदकाचा रस्ता झाला

सेतूवरून उतरताना रेसकोर्स आणि व्हिक्टोरिया मेमोरियलचा घुमट दिसतो आणि रस्ता आचार्य जगदीशचंद्र बोस मार्गाला मिळतो. याचे जुने नाव लोअर सर्क्युलर रोड. याचाच उत्तरेकडचा भाग आचार्य प्रफुल्लचंद्र मार्ग, म्हणजे पूर्वीचा अप्पर सर्क्युलर रोड. तो सियालदहवरून श्यामबाजारच्या पाचरस्त्याकडे जातो. शहराला कमरपट्ट्यासारखा वेढणारा हा रस्ता मराठ्यांमुळे आखला गेला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

१७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करपंत कोल्हटकर घोडदळ घेऊन बंगालमध्ये शिरले. पुढे जवळजवळ दहा वर्षे चौथाईसाठी स्वाऱ्या होत राहिल्या. बंगाली माणूस या घोडेस्वारांना 'बर्गी' म्हणतो. आपल्या बखरींत ती मोहीम असते, तिथल्या आठवणीत ती म्हणजे जाळलेली गावे आणि लुटलेली कोठारे. गंगाराम या कवीने त्याच काळात 'महाराष्ट्र पुराण' लिहून ते हाल नोंदवले. बर्गींचा धाक तिथल्या अंगाईगीतातही उतरला. १७४४ मध्ये नवाब अलिवर्दी खानाने भास्करपंतांना भेटीला बोलावून ठार केले, तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. अखेर १७५१ च्या तहात बंगालने वर्षाला बारा लाख रुपये चौथाई देण्याचे मान्य केले आणि ओडिशाचा महसूल भोसल्यांकडे गेला.

स्वाऱ्या सुरू झाल्या तेव्हाच बर्गींच्या भीतीपोटी कोलकात्यातल्या इंग्रजांनी आणि रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. उत्तरेला बागबाजारपासून सुरुवात करून सहा महिन्यांत तीन मैल काम झाले. मराठे मात्र कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत, म्हणून दक्षिणेकडचा भाग अर्धवट राहिला. १७५६ मध्ये सिराज-उद-दौलाचे सैन्य चालून आले तेव्हा हा खंदक त्याला रोखू शकला नाही. पुढे १७९९ मध्ये त्याचा बराच भाग बुजवून सर्क्युलर रोड बांधण्यात आला. बागबाजारकडे 'मराठा डिच लेन' नावाची गल्ली आजही आहे.

गोष्ट इथेच संपली असती तर एकतर्फी झाली असती. सखाराम गणेश देउस्कर या मराठी कुळातल्या बंगाली लेखकाने विसाव्या शतकाच्या आरंभी याच शहरात शिवाजी उत्सव रुजवला. १९०४ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी 'शिवाजी उत्सव' ही कविता लिहिली आणि १९०६ मध्ये त्या उत्सवासाठी लोकमान्य टिळक कोलकात्याला आले. ज्या शहराने मराठ्यांच्या भीतीने खंदक खणला, त्याने दीडशे वर्षांनी मराठी राजाच्या नावाने सभा भरवल्या. भोसल्यांच्या स्वाऱ्यांनी जे जमले नाही ते देउस्करांच्या लेखणीने साधले.

शहरात शिरल्यावर

कोलकात्यात गाडी चालवताना नकाशापेक्षा घड्याळ जास्त पाहावे लागते. काही एकेरी रस्त्यांची दिशा दुपारी बदलते. सकाळी ज्या बाजूने गेलो, दुपारनंतर तिथूनच समोरून गाड्या येतात. पांढऱ्या गणवेशातले वाहतूक पोलीस आणि चौकातली पाटी यांच्याकडे लक्ष ठेवावे. जुन्या भागांत ट्रामचे रूळ रस्त्यात तसेच आहेत. पावसात दुचाकीने ते तिरपे नाही, काटकोनातच ओलांडावेत.

नावांचाही गोंधळ होतो. पाट्यांवर शेक्सपिअर सरणी, लोकांच्या तोंडी थिएटर रोड. बिनय-बादल-दिनेश बाग म्हणजे जुने डलहौसी. रस्ता विचारताना जुने नाव सांगितले तर उत्तर लवकर मिळते. खिडकी खाली करून 'दादा' अशी हाक मारली की काम होते. 'सोजा' म्हणजे सरळ, 'डान दिके' म्हणजे उजवीकडे, 'बां दिके' म्हणजे डावीकडे, एवढे कळले तरी पुरे.

मुक्कामाची जागा गाठली की गाडी तिथेच ठेवावी. दक्षिणेत हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास ही तिथल्या मराठी मंडळींची वास्तू आहे. मार्च २०२४ पासून हुगळीच्या पात्राखालून मेट्रो धावते, त्यामुळे एस्प्लनेडहून हावड्याला काही मिनिटांत जाता येते आणि हावडा पूल पायी पाहता येतो. बागबाजारला जायचे तर श्यामबाजारपर्यंत मेट्रोने जावे आणि पुढे चालावे. खंदकाची लांबी पायांना कळावी असे वाटत असेल, तर परतताना श्यामबाजार ते सियालदह हे अंतर प्रफुल्लचंद्र मार्गाने पायी करावे. सकाळी केले तर एक-दीड तासात होते, आणि वाटेत चहाच्या टपऱ्या भरपूर आहेत.