‘अनोळखी इसम’ ही नोंद कमी करता येईल

सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात एक जाड रजिस्टर असते. जखमीचे नाव कळले नाही तर त्यात लिहितात, ‘अनोळखी इसम, वय अंदाजे ३०’. आम्ही नर्सिंगच्या नोकरीत होतो तेव्हा ही ओळ अनेकदा आमच्याच हाताने लिहिली आहे. त्यातली एक रात्र अजून आठवते.

केळीच्या फेऱ्या मारणारा एक तरुण छोटा हत्ती उलटून जखमी झाला होता. डोक्याला मार, शुद्ध नाही. मोबाईल फुटलेला. पाकिटात मात्र लायसन्सचे कार्ड होते. त्यावर नाव, पत्ता आणि आपत्कालीन संपर्कासाठी एक नंबर. आम्हाला हायसे वाटले. नंबर लावला, तर उचलणारा म्हणाला, “मॅडम, मी लायसन्स काढून देतो. असे शंभर फॉर्म भरले असतील, हा कोण ते कसं सांगू?” कार्डावरचा पत्ता जुन्या भाड्याच्या घराचा निघाला. पोलिसांनी गावोगाव फोन केले, तेव्हा कुठे त्याची आई सकाळी पोचली. पोरगा पहाटेच गेला होता. ती माउली एवढेच म्हणाली, “सिस्टर, मले रातीच काहून नाही सांगितलं?”

त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. या महिन्याचे पान त्या एका नंबरासाठी लिहीत आहोत.

कार्डावर ही जागा आली कधी?

केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये देशभरासाठी लायसन्सचा एकच नमुना ठरवला आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून तो लागू केला. त्यात रक्तगट, अवयवदानाची इच्छा आणि आपत्कालीन संपर्क क्रमांक यांना जागा दिली आहे. अर्ज ‘सारथी’ या सरकारी पोर्टलवर भरला जातो. म्हणजे व्यवस्था आहे. घोळ होतो तो नंबर भरताना.

आपल्या वस्तीतली बहुतेक पोरे अर्ज स्वतः भरत नाहीत. यावलला नेट कॅफेत बसून किंवा एजंटकडून भरून घेतात. ओटीपी यायला सोपे म्हणून एजंट स्वतःचा नंबर टाकतो. कुणी आपलाच नंबर दोन्ही रकान्यांत देतो. पण अपघातात तो मोबाईलही त्याच्यासोबतच रस्त्यावर पडलेला असतो! कुणी बायकोचा नंबर देतो, पुढे रिचार्ज थांबतो, सिम बंद पडते, कार्डावर मात्र तोच नंबर राहतो.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने हीच अडचण वेगळ्या रीतीने सोडवली. ख्रिस्टीन ओल्सन या आईची मुलगी डिसेंबर २००५ मध्ये रस्ता अपघातात गेली आणि आईला ते कळायला कित्येक तास लागले. तिने पाठपुरावा केला. २००६ पासून तिथल्या लायसन्स खात्याने चालकांकडून जवळच्या माणसांचे नंबर घेणे सुरू केले. ते नंबर कार्डावर छापत नाहीत, खात्याच्या नोंदीत ठेवतात. अपघात झाला की पोलीस ते पाहतात. नंबर बदलला तर चालक स्वतः नोंद बदलू शकतो. आपल्याकडे नंबर कार्डावर छापलेला असल्याने दवाखान्याला लगेच दिसतो, हा फायदा. पण तो जुना झाला तर कार्डही जुने होते, आणि पाकीट हरवले तर नंबर कुणाच्याही हाती लागतो. म्हणून नंबर कुणाचा द्यायचा ते विचार करून ठरवा. घरात मारहाण सोसणाऱ्या भगिनीने नवऱ्याचाच नंबर दिला पाहिजे असे नाही. आई, भाऊ, मैत्रीण, ज्याच्यावर तिचा विश्वास आहे त्याचा द्यावा.

नातेवाईक नसले तर उपचार थांबतात का?

थांबता कामा नयेत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सांगितले आहे की, दवाखाना सरकारी असो की खाजगी, जीव वाचवण्याचे उपचार आधी, कागदपत्रे नंतर. मग नंबराचा उपयोग काय? जखमीला साखर आहे का, फिट येते का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, हे घरचेच सांगू शकतात. यावलहून जळगावला हलवायचे ठरले तर सोबत माणूस लागतो. रक्त लागले तर देणारे जमवावे लागतात. आणि शेवटची भेट हा घरच्यांचा हक्क आहे.

रक्तगटाबद्दल एक सांगतो. फॉर्म भरताना अनेक जण अंदाजाने ‘बी पॉझिटिव्ह’ सांगून मोकळे होतात. कार्ड पाहून कोणताही दवाखाना रक्त चढवत नाही, तपासणी करूनच चढवतो. तरी चुकीची माहिती लिहू नका. तपासून घ्या, मगच लिहा.

ज्याच्याकडे लायसन्सच नाही त्याचे काय?

फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्याच तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक रात्री उलटला. धुळ्याकडून रावेरकडे चाललेल्या त्या ट्रकवर मजूर बसलेले होते. आभोडा, केऱ्हाळा, रावेर इथले किमान पंधरा जण गेले. त्यात बाया होत्या, लेकरे होती. मालावर बसून जाणाऱ्या मजुराकडे लायसन्स कुठले? आरटीओची यादी कितीही चांगली झाली तरी ती चालकापुरतीच. केळी कापणीला, ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणारी आपली माणसे त्या यादीत येत नाहीत. १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीला, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला रात्रीच्या गाडीने निघणारी म्हातारी माणसेही येत नाहीत.

मालगाडीवर माणसे बसवणे थांबले पाहिजे. मुकादमाने आणि मालकाने मजुरांसाठी वेगळी गाडी दिली पाहिजे, ही आपली मागणी कायम आहे. ती पूर्ण होईपर्यंत खिशात एक चिठ्ठी ठेवणे आपल्या हातात आहे.

चिठ्ठीवर काय लिहायचे?

• पूर्ण नाव, गाव, वस्ती.
• दोन माणसांचे नंबर आणि नाते. एक घरातला, एक घराबाहेरचा. दोघेही एकाच गाडीत असू शकतात, म्हणून.
• चालू आजार, रोजच्या गोळ्या, ॲलर्जी.
• तपासलेला असेल तरच रक्तगट.
• आधार क्रमांक, बँकेचा नंबर लिहू नका.

चिठ्ठी मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा. प्लास्टिकमध्ये घालून पाकिटात किंवा मोबाईलच्या कव्हरमागे ठेवा. लहान लेकराच्या कपड्याला पिन करा. आजकालच्या मोबाईलच्या सेटिंगमध्ये ‘आपत्कालीन माहिती’ भरता येते. ती पासवर्ड न टाकताही इमर्जन्सी बटणावरून उघडते. घरातल्या शिकणाऱ्या मुलीला सांगा, ती पाच मिनिटांत भरून देईल.

रस्त्यावर जखमी दिसला तर

१०८ किंवा ११२ लावा. १०८ ची गाडी मोफत असते. जखमीला उगाच उठवून बसवू नका, पाणी पाजू नका. जोरात रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. “पोलिसांचं लचांड नको” म्हणून पुढे निघून जाऊ नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ आले आहे. मदत करणाऱ्यावर गुन्हा लागत नाही, त्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. शिवाय मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजना आहे. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या दवाखान्यात रोख पैसे न भरता होतात. दवाखान्यात ही योजना नाव घेऊन विचारा.

या महिन्यात एवढे करू

ज्यांच्याकडे लायसन्स आहे त्यांनी आज कार्ड काढून त्यावरचा नंबर लावून पाहावा. कोण उचलते ते कळेल! चुकीचा निघाला तर जळगावच्या आरटीओ कार्यालयात किंवा तालुक्याला त्यांचे शिबिर लागते तेव्हा दुरुस्तीसाठी विचारा. नवे लायसन्स काढणाऱ्या पोरांनी अर्ज पाठवण्याआधी तो रकाना स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा. एजंटला फी देतो, मग नंबर आपल्या माणसाचा का नको?

आणि रविवारी विहारात वंदना झाली की कोरे कागद आणि पेन घेऊन बसू. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे आपण लिहू. एका वस्तीला एका दुपारचे काम आहे. आम्ही आमच्या वस्तीत सुरुवात केली, तेव्हा एका आजीने विचारले, “माहा पोरगा सुरतले हाये, त्याचा नंबर चालीन का?” चालेल आजी, पण शेजारणीचाही लिहू. ती लवकर पोचेल.

जयभीम.